आयात शुल्क घटलं, तर दवाखान्याच्या खात्यावर काय जमा होतं?

सोलापुरातल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "वर्गात शिकवतात की व्यापार खुला झाला की औषधं आणि यंत्रं स्वस्त होतात, देशाचं उत्पन्न वाढतं आणि सरकार आरोग्यावर जास्त खर्च करू शकतं. बाहेर वाचलं तर उलटं दिसतं: आयात शुल्क कमी केल्याने गरीब देशांच्या तिजोऱ्या आटल्या. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, अमेरिकेने शुल्क वाढवल्यापासून घरात तोच विषय. प्रबंध यावरच करायचा आहे. यातलं खरं काय, आणि याचा सिव्हिलमध्ये मिळणाऱ्या गोळ्यांशी संबंध दाखवता येईल का?"

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण ‘व्यापार खुला चांगला की बंद चांगला’ असा प्रश्न धरून बसलात तर सिव्हिलच्या औषध खिडकीपर्यंत वाट निघणार नाही. मी डॉक्टर नाही, अर्थतज्ज्ञही नाही. आरोग्य विभागाच्या लेखा शाखेत नोकरी केली. अनुदान आलं का बघणं, बिलं तपासणं, औषध भांडाराचा ताळमेळ लावणं आणि दर मार्चला डोकं धरून बसणं, हेच काम. त्यामुळे मला प्रश्न वेगळा दिसतो. व्यापारावरचा कर आधी कोणाच्या खात्यात पडत होता, धोरण बदलल्यावर तो कोणाच्या खात्यात जातो, आणि आजारी माणसाचा खर्च कोणाच्या माथी येतो? ही तिन्ही खाती एकाच सरकारची असतात असं नाही. बहुतेक वेळा नसतातच, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी उत्पन्नाची बाजू. जकात तुम्हाला आठवत नसेल, वडिलांना विचारा. शहरात शिरणाऱ्या मालाचा ट्रक नाक्यावर थांबवायचा, बिल बघायचं, पैसे घ्यायचे, पावती फाडायची. व्यापारी वैतागायचे, रांगा लागायच्या, चिरीमिरीच्या गोष्टी तर विचारूच नका. पण महापालिकेला याहून सोयीचा कर नव्हता. रोजच्या रोज रोकड जमा, आणि ती खर्च करायला मुंबईकडे तोंड करून बसायला नको. डफरीन प्रसूतिगृह, महापालिकेचे दवाखाने, डासांची फवारणी, हे सगळं अशाच सर्वसाधारण उत्पन्नावर चालतं.

गरीब देशांचं आयात शुल्क म्हणजे त्या देशांची जकात. दुकानदार हिशेब ठेवत नाहीत, शेतीवर कर नाही, पगारदार मूठभर. अशा देशात आयकर वसूल करायला यंत्रणा लागते, ती नसते. पण परदेशी माल एका-दोन बंदरांतूनच येतो. तिथे चार माणसं बसवली की कर मिळतो. स्वस्तात वसूल होणारा, चुकवायला तुलनेने अवघड कर हाच. त्यामुळे ‘शुल्क काढा, व्यापार वाढेल’ असा सल्ला जेव्हा कर्जाच्या अटी म्हणून आला, तेव्हा त्या देशांच्या हातून नाकाच गेला.

आता भारताकडे बघा. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण कर उत्पन्नात सीमाशुल्काचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. आज तो दहा टक्क्यांच्याही बराच खाली आहे. शेतीमाल सोडून इतर वस्तूंवरचा सर्वोच्च दर १९९१ च्या सुमारास १५० टक्के होता, २००७-०८ पर्यंत तो १० टक्क्यांवर आला. एवढा मोठा झरा आटला तरी आपली तिजोरी कोरडी पडली नाही, कारण आपल्याकडे उत्पादन शुल्क आधीपासून होतं, १९९४ मध्ये सेवा कर आला, २००५ मध्ये राज्यांचा व्हॅट, २०१७ मध्ये जीएसटी. म्हणजे एक दार बंद करताना दुसरं उघडायला आपल्याला बरीच वर्षं मिळाली. सगळ्यांना ती मिळाली नाहीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या थॉमस बाउन्सगार्ड आणि मायकल कीन यांनी अनेक देशांचे आकडे तपासले, तेव्हा श्रीमंत देशांनी गमावलेलं सीमाशुल्क इतर करांतून भरून काढलेलं दिसलं. सर्वांत गरीब देशांनी मात्र गमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे फार तर ३० सेंट भरून काढले होते. हे नाणेनिधीच्याच घरातून आलेलं आहे, म्हणून मी ते जास्त गंभीरपणे घेते.

मग तूट आली की आरोग्यालाच आधी का झळ बसते? इथे लेखा शाखेत बसलेल्या माणसाला जे दिसतं ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचित असतं. तूट आली म्हणून पगार थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, कर्जाचं व्याज तर नाहीच नाही. उरतं काय? ‘पुरवठा व सामग्री’, म्हणजे औषधं, सलाइन, हातमोजे, एक्स-रे फिल्म. त्याच्या जोडीला दुरुस्ती, आणि रुग्णवाहिकेचं डिझेल. डिसेंबरात सुधारित अंदाज मागवले जातात तेव्हा कात्री याच शीर्षांवर चालते. मूळ तरतूद कागदावर तशीच दिसते, पण खर्चाला परवानगी मिळते त्यातल्या काही टक्क्यांची. आणि कधी उरलेलं अनुदान संगणकावर येतं ते मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात. निविदा काढायला वेळ नाही, पुरवठादाराकडे माल नाही, ३१ तारखेला रात्री उशिरापर्यंत बिलं कोषागारात, आणि जे जमलं नाही ते ‘समर्पित’, म्हणजे सरकारला परत. वर्षअखेरीच्या पुस्तकात लिहिलं जातं, ‘निधी अखर्चित’. वाचणारा म्हणतो, बघा, आरोग्यवाल्यांना पैसा खर्चच करता येत नाही. हा आरोप माझ्या फार जिव्हारी लागतो, पण तो विषय वेगळा. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच: डॉक्टर-नर्सचे पगार चालू राहतात, त्यामुळे आरोग्यावरचा एकूण खर्च फारसा घटलेला दिसत नाही, पण खिडकीवर गोळ्या नसतात. एकूण आकडा घेऊन व्यापार धोरणाशी जोडायला गेलात तर काहीच सापडणार नाही. वेतनेतर खर्च वेगळा काढा.

आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी २००१ मध्ये अबुजा इथे ठरवलं होतं की अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के भाग आरोग्याला देऊ. बहुतेकांना ते जमलं नाही. इच्छाशक्ती कमी पडली हे आहेच, पण नाका गेलेल्या महापालिकेने नवं रुग्णालय बांधायचं म्हणावं, तसंही ते होतं. घानाने यावर एक वाट काढली. २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू करताना वस्तू-सेवांवर अडीच टक्क्यांची वेगळी पट्टी लावली. ती देशी मालावरही आणि आयात मालावरही, आणि पैसा विम्यासाठी राखीव. आयातीवर भेदभाव नाही म्हणून व्यापार करारांची अडचण नाही, आणि बंदरावर वसुलीची सोयही शाबूत. मला ही कल्पना आवडते. पण २०१७ मध्ये तिथल्याच सरकारने कायदा करून अशा राखीव निधींकडे जाणाऱ्या पैशावर कमाल मर्यादा घातली, आणि आरोग्यासाठी गोळा केलेल्या पैशाचा काही भाग दुसरीकडे वळला. राखीव हा शब्द राखणारा असेपर्यंतच खरा.

आता या सगळ्यातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे विद्यार्थ्यांचं लक्ष जात नाही, त्याकडे येते. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे, आणि सरकारी आरोग्य खर्चाचा मोठा भाग राज्यंच करतात. सीमाशुल्क मात्र केंद्राचं. त्यातून राज्यांना वाटा मिळतो तो वित्त आयोगाच्या सूत्राने. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी तो ४१ टक्के ठरवला, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. पण उपकर (ठरावीक कामासाठी लावलेला जादा कर) आणि अधिभार (करावरचा कर) या वाटणीत येत नाहीत. ते पूर्ण केंद्राकडे राहतात.

२०२१ च्या अर्थसंकल्पातलं एक उदाहरण बघा. आयात मद्यावर मूळ सीमाशुल्क १५० टक्के होतं. ते ५० टक्के केलं आणि त्याच्या जागी १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. बाटलीची किंमत एका रुपयाने बदलली नाही. आयातदाराला फरक नाही, पिणाऱ्याला फरक नाही, वर्तमानपत्रात ‘शुल्क जैसे थे’. पण वाटणीत येणारा भाग एकतृतीयांश उरला. व्यापार धोरणात काहीच बदल न होता राज्यांच्या तिजोरीतून, पर्यायाने दवाखान्यांच्या मागच्या पैशातून, किती बाजूला झालं ते बघा. म्हणून प्रबंधात फक्त ‘आयात शुल्काचा दर’ हा स्तंभ ठेवू नका. मूळ शुल्क किती आणि उपकर किती हे वेगळं मांडा.

दुसरं उदाहरण थेट आरोग्याचं आणि आपल्या शेजारचं. २०२० च्या अर्थसंकल्पात आयात वैद्यकीय उपकरणांवर ५ टक्के आरोग्य उपकर लावला. हेतू दुहेरी: देशी उपकरण उद्योगाला आधार, आणि मिळालेल्या पैशातून आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांत आरोग्य सुविधा. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपलं शेजारचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. सोलापूर त्यात नाही. आता समजा, सोलापुरात एखाद्या रुग्णालयाने एक कोटी रुपये आयात मूल्याचं, सूट नसलेलं यंत्र घेतलं. आरोग्य उपकराचेच पाच लाख रुपये गेले, मूळ शुल्क वेगळं. रुग्णालय राज्य सरकारचं असेल तर हे पैसे राज्याच्या आरोग्य तरतुदीतून निघून केंद्राच्या खात्यात गेले. धाराशिवला त्यातून काही मिळालं तर मला आनंदच आहे, तिथले पेशंट उपचाराला सोलापूरलाच येतात. पण हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ‘आरोग्यासाठीचा कर’ आधी एका दवाखान्याच्या बजेटमधून वसूल झाला. काही आठवड्यांतच कोविड आला आणि एप्रिल २०२० मध्ये व्हेंटिलेटर, मास्क, पीपीई, चाचणी किट यांच्यावरचं मूळ शुल्क आणि हा उपकर दोन्ही तात्पुरते माफ करावे लागले. गरजेच्या वेळी जो कर सगळ्यात आधी माफ करावा लागतो, त्याच्या भरवशावर आरोग्याचा कायमचा निधी उभा करू नये असं माझं मत आहे. देशी उद्योगाला आधार म्हणून तो ठीक असेलही, पण मग तसं म्हणावं.

आता खर्चाची बाजू, म्हणजे तुमच्या गोळ्या. मेटफॉर्मिन घ्या. मधुमेहाची साधी गोळी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लागते, महिन्याला पोत्यांनी जाते. ती बनवायला मुख्य दोन पदार्थ लागतात: डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायमाइड. गंमत म्हणजे पहिला पदार्थ आपल्या भागात बनतो, सोलापूर-तामलवाडी पट्टा अमाइन्ससाठी देशात ओळखला जातो. दुसरा बराचसा चीनमधून येतो. म्हणजे कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या आजीची साखर आटोक्यात ठेवणारी गोळी अर्धी सोलापूरची आणि अर्धी चीनची, असं म्हटलं तरी चालेल.

सरकारी खरेदी दरकराराने होते. पुरवठादाराने एक दर लावला, तो सर्वांत कमी म्हणून मंजूर झाला, आता वर्ष-दोन वर्षं त्याच दराने माल द्यायचा. मध्येच चीनकडून येणारा माल महागला, जहाजाचं भाडं वाढलं, रुपया घसरला किंवा आपणच त्यावर शुल्क लावलं, तर पुरवठादाराला तो दर परवडत नाही. तो तोंडाने नाही म्हणत नाही. तो उशीर करतो. मागणीपत्र जातं, स्मरणपत्र जातं, विलंब दंडाची नोटीस जाते. दंड भरणं तोट्यात माल देण्यापेक्षा स्वस्त असेल तर तो दंड भरतो. इकडे आरोग्य केंद्रातून फोन सुरू होतात. मग स्थानिक खरेदी: जवळच्या घाऊक विक्रेत्याकडून, थोड्या थोड्या प्रमाणात, जास्त दराने. तरतूद तेवढीच, गोळ्या कमी. तीस दिवसांऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या हातात ठेवून ‘परत या’ सांगितलं जातं. बिडी वळणाऱ्या बाईला परत येणं म्हणजे अर्धा दिवस मोडणं, ती येत नाही. कोणत्याही अर्थसंकल्पी कागदावर या घटनेची नोंद ‘व्यापार धोरणाचा परिणाम’ म्हणून होत नाही.

म्हणून औषधांच्या कच्च्या मालावर शुल्क वाढवा म्हणजे आत्मनिर्भर होऊ, असं कोणी म्हटलं की मी लगेच मान डोलावत नाही. परावलंबनाचा धोका खरा आहे, २०२० च्या सुरुवातीला तो सगळ्यांनी पाहिला. त्याच वर्षी सरकारने कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आणली. शुल्कापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो, कारण त्याचा भार सरळ केंद्राच्या अर्थसंकल्पात दिसतो. शुल्काचा भार मात्र आरोग्य केंद्राच्या औषध तरतुदीत लपून बसतो.

आपण स्वतः निर्यात रोखतो तेव्हा दुसऱ्या देशात हेच घडतं, हेही लिहा. ३ मार्च २०२० रोजी भारताने पॅरासिटामॉलसह २६ औषधं आणि कच्च्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, पुढच्या महिन्यात बहुतेक उठवले. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसरी लाट होती, लशींची निर्यात थांबली आणि कोव्हॅक्स या गरीब देशांना लस पुरवणाऱ्या जागतिक योजनेवर अवलंबून असलेले आफ्रिकी देश ताटकळले. आपल्या जागी दुसरं कोणतंही सरकार हेच करतं. पण त्या देशांच्या आरोग्य खात्यातल्या माझ्यासारख्या कोणीतरी त्या वेळी काय काय फाइली फिरवल्या असतील, हे मी कल्पनेने सांगू शकते.

पेटंटचा भाग तुमच्या अभ्यासक्रमात असेलच, त्यामुळे थोडक्यात. १९७० च्या कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला, तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. एप्रिल २००४ मध्ये आपल्याकडे मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार, सुरू करणं सरकारला परवडलं त्यामागे हे आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवर पेटंट द्यावं लागलं, पण कलम ३(ड) ठेवलं गेलं: जुन्याच औषधाला किरकोळ रूप बदलून नवं पेटंट नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या प्रकरणात ते उचलून धरलं. मार्च २०२३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला, तोही क्षयातून बऱ्या झालेल्या दोन महिलांच्या हरकतीनंतर. क्षयाचा उपचार सरकार मोफत देतं, म्हणजे पेटंट लांबलं असतं तर बिल रुग्णाला नव्हे, सरकारला आलं असतं. म्हणून नव्या मुक्त व्यापार करारांत शुल्काचे तक्ते सगळे वाचतात, मी तुम्हाला बौद्धिक संपदेचं प्रकरण आधी वाचायला सांगेन.

आता तुमच्या घरचा विषय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. यामुळे महाराष्ट्राच्या तिजोरीतला कर थेट किती बुडाला, असं विचाराल तर थोडकाच, कारण निर्यातीवर जीएसटी नसतोच, उलट परतावा द्यावा लागतो. परिणाम वेगळ्या दाराने येतो. ज्या कारखान्यात कामगार विमा योजना लागू आहे तिथे २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जमा होतात. पाळ्या कमी झाल्या की पगार कमी, वर्गणी कमी. काम गेलं की वर्गणी बंद. उपचाराचा हक्क त्याच दिवशी जात नाही, वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ यांत काही महिन्यांचं अंतर ठेवलेलं आहे. पण ते अंतर संपलं की तेच कुटुंब कामगार विमा रुग्णालयाची वाट सोडून सिव्हिलच्या रांगेत येतं. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या निर्णयाने विमा निधीवरचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पावर सरकला, आणि तोही काही महिन्यांनी, जेव्हा टॉवेलची बातमी शिळी झालेली असते. महात्मा फुले योजना दाखल होऊन केलेल्या उपचारांना आधार देते, पण रोजची रक्तदाबाची गोळी ओपीडीतूनच घ्यावी लागते. सोलापुरातले अनेक यंत्रमाग कामगार तर या विम्यात आधीपासूनच नाहीत. त्यांच्यासाठी सिव्हिलची रांग नवी नाही.

विडी कामगारांची गोष्ट व्यापाराची नाही, कर सुधारणेची आहे, पण धागा तोच आहे. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर होता, त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाला मदत. २०१७ मध्ये देशभर एकच बाजारपेठ करताना अनेक उपकरांसोबत तोही रद्द झाला. दवाखाने बंद झाले नाहीत, पण त्यांचा पैसा आता केंद्राच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून येतो. म्हणजे दरवर्षी मागावा लागतो. विडीचा खप घटला की निधी आटेल ही जुनी भीती गेली, आणि हक्काचा पैसा म्हणून दाखवायला जे लेखाशीर्ष होतं तेही गेलं. महापालिकेच्या जकातीचंही तसंच. आधी तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर), २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता तोही गेला, आणि जीएसटीनंतर राज्याकडून दरवर्षी ८ टक्के वाढ धरून भरपाई. आकड्यात तोटा झालाच असं नाही. मागणारा आणि देणारा यांच्या जागा तेवढ्या बदलल्या.

एक उदाहरण उलट्या बाजूचंही हवं, नाहीतर तुमचा प्रबंध एकांगी म्हणतील. फिलिपिन्समध्ये उसापासून आणि इतर देशी पिकांपासून बनलेल्या दारूवर कमी कर होता आणि परदेशी दारूवर अनेक पट जास्त. युरोपीय संघ आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेले आणि डिसेंबर २०११ मध्ये निकाल फिलिपिन्सच्या विरोधात गेला. भेदभाव काढायचा तर दोन मार्ग: परदेशी दारूचा कर खाली आणा, नाहीतर देशीचा वर न्या. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबाखू आणि दारू दोन्हींचे कर वाढवणारा कायदा केला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्याला जोडला. तीन-चार वर्षांत आरोग्य खात्याचं बजेट दुपटीच्या वर गेलं. दारूसाठी लागणाऱ्या उसाच्या मळीभोवती आपल्या जिल्ह्यात किती राजकारण फिरतं हे ज्याला माहीत आहे, त्याला कळेल की देशी दारूवर कर वाढवणं त्यांना किती जड गेलं असेल. व्यापाराच्या निकालाने सरकारला हवं असलेलं निमित्त मिळालं. निमित्त नसतं तर काय झालं असतं, हे त्यांच्या तोवरच्या इतिहासावरून दिसतंच.

मग कधी काय होतं हे कशावर ठरतं? माझ्या मते, शुल्क घटवण्यापूर्वी दुसरा कर उभा आहे का, हे पहिलं. मिळणारा कर वाटणीत येतो की उपकर म्हणून वर राहतो, हे दुसरं. देश औषधं बनवतो की नुसती विकत घेतो, हेही पाहावं लागतं. बनवणाऱ्या देशाला पेटंटचे नियम जास्त महत्त्वाचे, घेणाऱ्याला चलनाचा दर आणि जहाजाचं भाडं. आणि काम गेलेला कामगार कोणत्या रांगेत येतो, हे देशागणिक काय, जिल्ह्यागणिक वेगळं असतं. सगळ्या विकसनशील देशांना एकच उत्तर देणारा लेख दिसला की तो बाजूला ठेवा.

प्रबंधाबद्दल म्हणाल तर विषय फार मोठा धरलाय. ‘विकसनशील देश’ सोडा. एक औषध आणि एक जिल्हा धरा. मेटफॉर्मिन आणि सोलापूर घेतलंत तर सहा महिन्यांत होईल. राज्याच्या अर्थसंकल्पात २२१० या मुख्य लेखाशीर्षाखाली आरोग्याचा महसुली खर्च असतो, इमारती आणि यंत्रांचा भांडवली ४२१० मध्ये. पण जपून: सिव्हिल हे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्यामुळे त्याची तरतूद वैद्यकीय शिक्षण विभागात शोधायची, आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांची सार्वजनिक आरोग्य विभागात. ही दोन खाती एकत्र केलीत तर पहिल्याच तक्त्यात परीक्षक पकडतील. जिल्हा नियोजन समितीकडूनही औषधांना पैसा येतो, तो वेगळा धरा. दरकराराचे दर आणि स्थानिक खरेदीचे दर माहिती अधिकारात मागता येतात. अर्ज करताना ‘सर्व औषधे’ लिहू नका, एकाच गोळीचं नाव, ताकद आणि वर्षं लिहा, म्हणजे ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून अर्ज परत येणार नाही. आयात दरांसाठी वाणिज्य मंत्रालयाची मासिक आकडेवारी खुली आहे. ती महिन्यानुसार लावा आणि स्थानिक खरेदीची बिलं तिच्या शेजारी ठेवा. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर दिसेल, ते अंतर कशामुळे हे शोधण्यासाठी जिल्हा औषध भांडारातल्या औषध निर्मात्याशी, म्हणजे फार्मासिस्टशी, बोला. अधिकाऱ्याकडे आधी जाऊ नका. भांडारातल्या माणसाकडे साठा नोंदवही असते, आणि कोणत्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या हे त्याला वहीशिवायही आठवतं.